भोसरीतल्या कारखान्याचा सर्व्हर बदलताना : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर २०२४

भोसरी औद्योगिक क्षेत्रात आमचा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. मी मूळचा डिझाइन विभागातला. संगणकाचे थोडे कळते म्हणून सर्व्हरचे कामही बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले. ज्यांच्याकडे असाच एखादा जुना डबा कोपऱ्यात घरघरत असेल, त्यांच्यासाठी या नोंदी तारखेवार लिहिल्या आहेत. चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी संपून आज कारखाना उघडला. मालकांनी नव्या सर्व्हरला एकदाचा होकार दिला, तेव्हा आधी जुन्याची मोजदाद केली. यंत्र २०१२ चे असून त्यावर सेंटओएस ६ ही लिनक्स कार्यप्रणाली आहे. त्याचे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० रोजी बंद झाले, म्हणजे चार वर्षे आम्ही विनाडागडुजीच्या घरात राहत होतो. यंत्राकडे कामे दोनच आहेत. सांबा या विंडोज संगणकांना फाइली पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत ड्रॉइंग, कोटेशने आणि सीएनसीचे (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्रॅम सगळ्यांना उपलब्ध करणे हे पहिले, आणि २०१३ मध्ये एका मुलाने लिहून दिलेली साठ्याची आणि चलनांची (मालाबरोबर जाणाऱ्या कागदांची) प्रणाली चालवणे हे दुसरे. ही प्रणाली पीएचपी ५.३ ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मायएसक्यूएल ५.१ हा डेटाबेस यांवर चालते. हिशेबाचा संगणक वेगळा आहे, त्याला या कामात हात लावलेला नाही.

हलवण्यापूर्वी बॅकअप तपासावा म्हणून बाहेरची यूएसबी डिस्क उघडली आणि पोटात गोळा आला. रोज रात्रीची फाइल जागच्या जागी होती, पण प्रत्येक फाइलचा आकार अगदी तोच होता : ४,२९,४९,६७,२९५ बाइट. डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे आणि त्या पद्धतीत एका फाइलला यापेक्षा एक बाइटही जास्त मिळत नाही. आमचा डेटा ६१० जीबी आहे. दर रात्री बॅकअप चार जीबीपर्यंत पोहोचून कोसळत होता, आणि त्याची तक्रार यंत्र इमानेइतबारे रूटच्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापक खात्याच्या, अंतर्गत टपालपेटीत टाकत होते. ती पेटी मी कधीच उघडली नव्हती. आज उघडली तेव्हा तीत दोन हजारांहून जास्त पत्रे निघाली. संध्याकाळी घरची मोठी डिस्क आणून, ती एक्स्ट-४ या मोठ्या फाइली मावणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून, पहिला खरा बॅकअप लावला.

९ नोव्हेंबर, शनिवार

खरेदी झाली. टॉवर पद्धतीचा छोटा सर्व्हर, ३२ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणाऱ्या) मेमरीसह, ८६,५०० रुपये. कार्यप्रणालीसाठी ४८० जीबीच्या दोन एसएसडी ९,८०० रुपये, डेटासाठी ४ टीबीच्या दोन डिस्क २३,४०० रुपये, एक केव्हीएचा यूपीएस ८,२०० रुपये, सोळा पोर्टचा गिगाबिट स्विच ५,६०० रुपये आणि बॅकअपसाठी बाहेरच्या दोन डिस्क २०,६०० रुपये. एकूण १,५४,१०० रुपये झाले. मालकांना मी सव्वा लाख सांगितले होते. बॅकअपच्या डिस्क माझ्या अंदाजपत्रकात नव्हत्याच, कारण बॅकअप आहे असा माझा समज होता.

डिस्क घेताना सीएमआर (माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असलेल्या) पद्धतीच्याच हव्यात असे पुरवठादाराला लिहून दिले होते, तरी पहिल्यांदा एसएमआर आल्या. एसएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मिरर (दोन डिस्कवर ठेवलेली एकच माहिती) पुन्हा बांधण्याच्या वेळी बराच काळ चालणारे लेखन त्यांना झेपेलच असे नाही आणि काही तासांचे काम दिवसांवर जाऊ शकते. परत करून बदलून घेण्यात दोन दिवस गेले.

११ नोव्हेंबर, सोमवार

डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवली. दोन एसएसडींचा रेड-१, म्हणजे मिरर, कार्यप्रणालीसाठी आणि दोन मोठ्या डिस्कचा रेड-१ डेटासाठी केला. या वेळी मिरर सांभाळणारे वेगळे रेड कार्ड मुद्दाम घेतले नाही, ते काम सॉफ्टवेअरवर सोडले. जुन्या यंत्रातले कार्ड मेले असते तर त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागला असता. सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क कोणत्याही लिनक्स यंत्रात उघडतात.

बसवून झाल्यावर पहिली एसएसडी काढून यंत्र चालू केले. यंत्राने बूट करण्याजोगे काही सापडत नसल्याचे सांगितले. डेटाचा मिरर नीट होता, पण यूईएफआय (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) ज्या छोट्या भागातून बूट करते तो भाग रेडमध्ये नव्हता. इन्स्टॉलरने तो फक्त पहिल्या डिस्कवर केला होता. म्हणजे नेमकी पहिली डिस्क गेली असती तर दुसरीवर सगळे शाबूत असूनही यंत्र उठले नसते. दुसऱ्या डिस्कवर तसाच भाग करून त्यात सर्व उतरवले, यूईएफआयच्या यादीत त्याची नोंद केली, आणि ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रॅमचे अपडेट आले की नक्कल आपोआप व्हावी म्हणून छोटी स्क्रिप्ट जोडली. मग दोन्ही डिस्क आळीपाळीने काढून बूट करून पाहिले. तीन तास लागले, पण हे काम यंत्र रिकामे असतानाच सुखाने होते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

डेटाची पहिली नक्कल. नव्या यंत्रावरून जुन्याशी एसएसएचने (दूरच्या यंत्राशी सुरक्षित बोलण्याच्या पद्धतीने) बोलायला गेलो तर नव्याने ओळखच नाकारली. जुने यंत्र आपली ओळख ज्या एसएसएच-आरएसए पद्धतीने पटवते ती ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरने ८.८ आवृत्तीपासून मूळ मांडणीतून वगळली आहे. तेवढ्या एका यंत्रापुरती ती चालू करणारी ओळ सेटिंगमध्ये लिहिली आणि पुढे गेलो.

फाइलींची नक्कल करणारे आरसिंक सुरू केले आणि वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. या हिशेबाने ६१० जीबीला पंधरा तासांहून जास्त लागले असते. मी तासभर नव्या डिस्कना दोष देत बसलो; खरे कारण वाटेतला १०० मेगाबिटचा जुना स्विच होता. नवा गिगाबिट स्विच खोक्यातच पडून होता. दोन्ही यंत्रे सरळ एका केबलने जोडली आणि नक्कल रात्रीपर्यंत पूर्ण झाली.

त्यानंतरची चूक पूर्णपणे माझी आहे. आरसिंकला मी मालकीचे क्रमांक जसेच्या तसे न्यायला सांगितले होते. सेंटओएस ६ माणसांना ५०० पासून क्रमांक देते आणि डेबियन १००० पासून, त्यामुळे नव्या यंत्रावरच्या साऱ्या फाइली ५०१, ५०२, ५०७ अशा नावगाव नसलेल्या मालकांच्या झाल्या. फाइली पुन्हा न आणता नव्या यंत्रावर माणसांची खातीच जुन्या क्रमांकांनी नव्याने बनवली. शिवाय एसीएल (कुणाला कसली परवानगी याच्या याद्या) आणि विस्तारित गुणधर्म आणायचे पर्याय मी द्यायला विसरलो होतो, त्यामुळे आरसिंक आणखी एकदा चालवावे लागले. सांबा विंडोजच्या ‘लपवलेली’ अशा खुणा त्या गुणधर्मांत ठेवतो.

१५ ते १७ नोव्हेंबर, शुक्रवार ते रविवार

डेटाबेसला एक संध्याकाळ लागेल असे धरले होते. तीन दिवस लागले. तक्त्यांवर अक्षरसंच म्हणून लॅटिन-१ (युरोपीय लिपीचा, एका अक्षराला एक बाइट) लिहिलेले होते, पण वेबपाने यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी पद्धत) असल्यामुळे आत मराठीचे यूटीएफ-८ बाइट जसेच्या तसे जाऊन बसले होते. जुन्या प्रणालीत आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा एकच खोटे बोलले जात असल्याने पडद्यावर मराठी अगदी बरोबर दिसे. यावरचा उपाय ठरलेला आहे : डेटाबेस लॅटिन-१ म्हणूनच बाहेर काढायचा, म्हणजे बाइट बदलत नाहीत, मग त्या फाइलमधली अक्षरसंचाची पाटी बदलून यूटीएफ-८ एमबी-४ करायची आणि मारियाडीबी या नव्या डेटाबेसमध्ये आत घ्यायची.

आत घेण्यापूर्वी ती फाइल आयकॉन्व्ह या अक्षरसंच बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून गाळून पाहिली हे बरे केले, कारण ते मध्येच अडले. मालाच्या नावाचा रकाना ३० चा होता. लॅटिन-१ मध्ये ३० म्हणजे ३० बाइट, आणि देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, तेव्हा मराठी नावाला जास्तीत जास्त दहा चिन्हे मिळत होती. ‘स्टेनलेस बोल्ट’ हेच नाव घ्या. ‘स्टेनलेस’ची आठ चिन्हे म्हणजे २४ बाइट, मधली मोकळी जागा एक, ‘ब’चे तीन, आणि मग ओकाराच्या तीन बाइटांपैकी दोनच मावतात. उरलेला तुकडा कोणत्याही भाषेतले अक्षर नाही. ‘स्टेनलेस बुश’चेही तेच होते, आणि गंमत अशी की ओकार व उकार यांचे पहिले दोन बाइट एकच असल्यामुळे तोडलेली ही दोन नावे एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत. जुना मायएसक्यूएल नाव कापून ठेवी आणि अवाक्षर काढीत नसे. स्टोअरमधल्या ताईंना विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “नाव कोण बघतंय? आम्ही कोड बघतो.”

अशा तुटलेल्या ओळी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमने वेगळ्या काढल्या. ३,९०० पैकी २१२ नावे तुटलेली निघाली. शनिवारी ताई आणि मी खरेदीच्या बिलांच्या फायली घेऊन बसलो आणि कोड पाहून एकेक नाव पुरे केले. आता रकाना ८० चा आहे आणि तो बाइटांऐवजी चिन्हे मोजतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आहे. आमची प्रणाली डेटाबेसशी ज्या मायएसक्यूएल फंक्शनांनी बोलते ती पीएचपी ७ मध्येच काढून टाकली गेली. ४१ फाइली हाताने बदलण्याऐवजी त्याच जुन्या नावांची अकरा फंक्शने एका फाइलमध्ये लिहिली, जी आतून मायएसक्यूएलआय ही नवी फंक्शने वापरतात, आणि ती फाइल सगळीकडे जोडली. ही युक्ती छान चालली.

त्यानंतर मात्र मी घाई केली. नवा डेटाबेस काटेकोर पद्धतीत चालतो. आकड्याच्या रकान्यात रिकामी ओळ आली की तो नोंद नाकारतो, आणि आमच्या प्रणालीत असे रिकामे रकाने जागोजागी आहेत. दर दोन मिनिटांनी एक चूक समोर येत होती, मतदानाच्या सुट्टीपर्यंत दोनच दिवस उरले होते, आणि मी काटेकोरपणा बंद करून टाकला. मायएसक्यूएलआयच्या तक्रारीही मिटवल्या. प्रणाली जुन्यासारखी गुळगुळीत चालू लागली. ही नोंद लक्षात ठेवावी, पुढे तिची किंमत येणार आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी आणि उद्या गुरुवारची आमची साप्ताहिक सुट्टी, असे दोन मोकळे दिवस जोडून मिळाले म्हणून बदलीसाठी हीच तारीख धरली होती. सकाळी मतदान करून अकराला पोहोचलो. जुन्यावरच्या सेवा बंद केल्या, शेवटचे आरसिंक (या वेळी अवघी चौदा मिनिटे), डेटाबेसची शेवटची प्रत, मग जुन्याला वेगळा पत्ता देऊन त्याचे नाव आणि पत्ता नव्याला दिला. नऊपैकी सात संगणकांना काही बदललेले कळलेही नाही. दोनांवर विंडोजने जपून ठेवलेला जुना पासवर्ड पुसावा लागला. दोन्ही यंत्रांतल्या फाइलींचा मजकूर चेकसमने (मजकुरावरून काढलेल्या आकड्याने) ताडून पाहण्याचे काम रात्रभरासाठी लावून घरी गेलो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, आणि नेमकी त्यामुळेच देखभालीसाठी वीजही गुरुवारी बंद ठेवतात. हे मला बारा वर्षे माहीत आहे. मोबाइलवर तसा संदेशही आला होता. साडेनऊला वीज गेली.

नव्या यंत्राला यूपीएसशी यूएसबीने जोडून ‘नट’ हे यूपीएसवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर बसवलेले होते, त्यामुळे बॅटरी उतरल्यावर ते शिस्तीत बंद झाले. जुन्याच्या यूपीएसने तीन मिनिटांत मान टाकली. तीन वाजता वीज आली तेव्हा जुने यंत्र उठेना. पडदा जोडून पाहिले तर रेड कार्ड एक डिस्क सापडत नसल्याचे सांगून कळ दाबण्याची वाट पाहत थांबले होते. वर्षानुवर्षे अखंड फिरलेली ती डिस्क थंड झाल्यावर पुन्हा फिरलीच नाही. कालपर्यंत नक्कल पूर्ण झाली नसती तर काय झाले असते, याचा विचार चहा पिईपर्यंत केला आणि सोडून दिला.

उरलेल्या एका डिस्कवर जुने यंत्र उठवून चेकसमची तुलना पुन्हा पहिल्यापासून चालवली. रात्री नऊला निकाल आला : तीन ड्रॉइंगांचा आकार आणि तारीख तीच, पण मजकूर वेगळा. याचा उलगडा व्हायला वेळ लागला. मिररमधल्या दोन डिस्क एकमेकींशी जुळत नव्हत्या. नक्कल करताना वाचन एका डिस्कवरून झाले होते आणि आज दुसरीवरून झाले. जुन्या कार्डाने दोन्ही डिस्क ताडून पाहण्याचे काम कधी केलेच नव्हते, कारण मी ते कधी लावलेच नव्हते. तिन्ही ड्रॉइंगे दोन्हीकडून उघडून पाहिली. दोनांची नवी प्रत धड होती, तिसऱ्याची जुन्या डिस्कवरची. ती आणून ठेवली. नव्या यंत्रावर अशी पडताळणी महिन्यातून एकदा आपोआप होते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आठला दोन सीएनसी लेथ बंद. त्यांना प्रोग्रॅम पाठवणारे दोन्ही संगणक विंडोज एक्सपीचे आहेत, आणि मशीनशी सिरिअल केबलने बोलणारे सॉफ्टवेअर जुने असल्यामुळे ते बदलता येत नाहीत. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे सांबा ज्या भाषेत फाइली देतो तिची, पहिलीच आवृत्ती येते. सांबाने ती ४.११ पासून मूळ मांडणीत बंद ठेवली आहे. मी ऑफिसातले सगळे संगणक तपासले होते, यंत्रांच्या शॉपमधले हे दोन विसरलो होतो.

काम अडल्यामुळे ती आवृत्ती चालू करून पाहिली, तरी पासवर्ड नाकारला गेला, कारण एक्सपी ज्या जुन्या पद्धतीने पासवर्ड पाठवते तीही आता बंद असते. एक एक कुलूप काढत चाललो आहोत हे लक्षात आल्यावर थांबलो. ही मर्यादा साऱ्या सांबाला एकच लागू होते, एका फोल्डरपुरती सैल करता येत नाही. शिवाय २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरले ते विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या दोषातून, तेव्हा हे एक्सपी इतरांच्या जाळ्यात मुळात असायलाच नको होते. सर्व्हरचे दुसरे पोर्ट आणि ९०० रुपयांचा पाच पोर्टचा स्विच वापरून त्यांचे वेगळे जाळे केले, आणि त्यावर फक्त वाचता येईल असे एफटीपी (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) ठेवले. एक्सपीत एफटीपीचा क्लायंट असतोच. डबल क्लिक केले की प्रोग्रॅम आणणारी बॅच फाइल लिहून दिली.

तरीही लेथवरच्या काकांना प्रोग्रॅम मिळेना. ते नाव लहान लिपीत टाकत होते आणि फाइल मोठ्या लिपीत होती. सांबा हा फरक पोटात घालत असे, एफटीपी घालत नाही. सगळ्या फाइलींची नावे मोठ्या लिपीत केली आणि बॅच फाइलला पूर्ण फोल्डरच आणायला लावले. दुपारी दोनला दोन्ही लेथ चालू झाले. तोपर्यंत काकांनी पेन ड्राइव्हने काम रेटले होते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

प्लेटिंगसाठी माल बाहेर पाठवतानाची आठवड्याभरातली सतरा चलने शून्य मूल्याची छापली गेल्याचे अकाउंट्समध्ये सापडले. जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे अशा चलनावर मालाचे मूल्य असावे लागते, आणि रस्त्यात गाडी अडवली गेली असती तर उत्तर देता आले नसते.

कारण शोधायला साडेचार तास लागले. दराचा रकाना रिकामा सोडला तर मूळ यादीतला दर घ्यावा, असा नियम प्रणालीत आहे, आणि रकाना रिकामा आहे की नाही हे ती त्याची शून्याशी तुलना करून ठरवते. पीएचपी ८ पूर्वी रिकामी ओळ आणि शून्य सारखे मानले जात. पीएचपी ८ पासून ते सारखे नाहीत. त्यामुळे यादीतला दर घेतला गेला नाही, रिकामी ओळ डेटाबेसकडे गेली, आणि १८ तारखेला मीच काटेकोरपणा बंद केलेला असल्याने डेटाबेसने ती शून्य समजून मुकाट्याने ठेवली. तो चालू असता तर पहिल्याच चलनाला, २२ तारखेच्या सकाळीच, चूक समोर आली असती. सतरा चलने रद्द करून नवी दिली. तीन पुरवठादारांना मी स्वतः फोन केले.

७ डिसेंबर, शनिवार

काटेकोर पद्धत पुन्हा चालू केली आणि पुढे आलेल्या चुका या आठवड्यात एकेक करून दुरुस्त केल्या. एकूण २६ जागा निघाल्या. शून्याशी तुलना करणाऱ्या बाकीच्या ओळीही शोधल्या. त्यांपैकी दोन साठ्याच्या किमान पातळीच्या इशाऱ्यात होत्या.

आज बॅकअप परत मिळतो का हे एका रिकाम्या संगणकावर पूर्ण उतरवून पाहिले. तीन तास चाळीस मिनिटे लागली. सगळे आले, फक्त कोटेशनच्या नमुन्यांचा फोल्डर आला नाही. तात्पुरत्या फाइली वगळाव्यात म्हणून ‘टेम्प’पासून सुरू होणारे सारे मी वगळले होते, आणि त्या फोल्डरचे नाव ‘टेम्प्लेट’ आहे. नियम सुधारून तेवढाच भाग पुन्हा तपासला. बॅकअप झाला की नाही याचा संदेश आता रोज सकाळी माझ्या आणि मालकांच्या, दोघांच्याही मोबाइलवर येतो. मी दुर्लक्ष केले तर ते विचारतात.

९०० रुपयांचा तो स्विच धरून एकूण खर्च १,५५,००० रुपये झाला आणि माझे साधारण ९६ तास गेले, त्यातले निम्मे १५ ते २२ नोव्हेंबर या आठ दिवसांत. जुना सर्व्हर ३१ मार्चपर्यंत जिन्याखालीच ठेवला आहे. त्याची केबल काढली आहे, उरलेल्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी लावली आहे, आणि ती डिस्क एकदा थांबली तर पुन्हा फिरेल की नाही याची खात्री नसल्यामुळे कुणीही बटण दाबू नये असे वर लिहिले आहे. काका अजूनही पेन ड्राइव्ह खिशात ठेवतात.